टेबलाची खालची बाजू

मी एक जुने टेबल आहे.

नाही. पुन्हा सुरुवात करते.

मी एक जुनी फळी आहे. टेबल मला नंतर केले. मित्रांनो, तुमच्या सहलीची बस आज उशिरा आली, तुम्हाला भूक लागली आहे, आणि तुम्ही माझ्या दोन्ही बाजूंना कोपराला कोपर लावून बसला आहात. जेवण यायला वेळ आहे. तुमच्यातला एक जण चमच्याने माझ्यावर ताल धरतो आहे. धरू दे. तेवढ्या वेळात मी माझी हकीकत सांगून टाकते. हकीकत सांगताना आधी नाव सांगायचे असते. माझे नाव आहे

(इथे क्षणभर थांबा. मला नाव आहे, पण ते उच्चारायचे नसते. माझे कामही बोलून दाखवायचे नसते. जो बोलतो त्याच्याच घरी मला जावे लागते, असे या वस्तीतली माणसे मानतात. म्हणून ही जागा मोकळी सोडली आहे.)

मी एक जुनी फळी आहे. ही उतारावरची सव्वीस घरांची वस्ती, इथेच माझा जन्म झाला. खालच्या बाजारपेठेत एक बोली, इथे दुसरी. खालचे लोक इथल्यांना "वरचे" म्हणत आणि इथली बोली ऐकली की हसत. इथल्या बोलीला लिपी नाही.

दोघा भावांनी एक रुंद झाड पाडले. पडताना ते जरासे वळले आणि धाकटा भाऊ खाली सापडला. मोठ्याने त्याच दिवशी, त्याच झाडाची पहिली फळी कापली. करवतीचे दुसरे टोक धरायला शेजारी आला. फळी कशाला, असे त्याने विचारले नाही. त्या फळीवर धाकट्याला निजवले. ती फळी म्हणजे मी. उरलेल्या झाडाची दारे झाली, पेट्या झाल्या, एक पाळणाही झाला. मी मात्र तेच काम करत राहिले.

आता तुम्हाला कळले असेल. चमचा वाजायचा थांबला आहे.

माणूस गेला की त्याला माझ्यावर निजवायचे, न्हाऊ घालायचे आणि एक पूर्ण दिवस घरात ठेवायचे. त्या दिवशी सगळ्या वस्तीने येऊन त्याच्याशी बोलायचे. नुसते रडायचे नाही, बोलायचे. राहून गेलेले सगळे. "तुझी कुऱ्हाड मीच हरवली होती रे." "तुझ्या बायकोला आधी मी मागणी घातली होती, तुला ठाऊक नव्हतं." मध्येच कोणाला तरी हसू फुटायचे आणि मग सगळेच हसायचे. संध्याकाळी त्याला नेले, की घरातले मोठे मूल, मुलगा असो वा मुलगी, सुरीने माझ्या खालच्या बाजूला एक खाच पाडायचे. मला हात लावलेल्या प्रत्येकाने राखेने हात धुवायचे. मग मला सामाईक घराच्या मागे, तोंड भिंतीकडे करून, उभे करायचे.

माझ्यावर कोणी बसायचे नाही. माझ्यावर अन्न ठेवायचे नाही. पुन्हा गरज पडली की त्या घरातल्या मोठ्या मुलाने सगळ्यांसमोर दोनच शब्द म्हणायचे: "मागचं काढा." तोवर मला कोणी हलवायचे नाही.

माझ्या खालच्या बाजूला एकशे त्र्याऐंशी खाचा होत्या. ज्या माणसांना लिपी नाही, त्यांची एवढीच वही. कौतुक माझे कधी झाले नाही. ज्याचे कौतुक व्हावे असे ते कामच नव्हते. पण मी कुठे आहे हे प्रत्येकाला माहीत होते आणि प्रत्येक जण माझ्याकडे न बघता पुढे जायचा. तेवढे मला पुरे होते.

मी एक जुना बाक आहे.

असे यादीत लिहिले आहे. ते कसे झाले ते सांगते.

सव्वीसपैकी सतरा घरांना कुलपे लागली. शाळा बंद झाली. खाली गेलेली मुले खालची बोली बोलू लागली आणि वर आली की आईबापांशी हातवारे करून बोलत. अशा वेळी हॉटेलवाला परत आला. हे त्याचे टोपणनाव. त्याची बावीस वर्षे शहरातल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात गेली होती. आठव्या वर्षी त्याला खाली वसतिगृहात ठेवले. इथे कोणी गेले की लहान मुलांना टोकाच्या घरी नेऊन खेळवत ठेवत, त्यामुळे लहानपणी त्याने मला कधी पाहिले नाही. त्याचे वडील गेले तेव्हा दरड कोसळून रस्ता बंद होता. तो पोहोचला तिसऱ्या दिवशी. मोठे मूल म्हणून त्याने पाडायची खाच त्याच्या आईने पाडली.

मित्रांनो, हॉटेलवाला वाईट माणूस नव्हता. हे मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे तुम्ही त्याच्यावर सगळे ढकलून मोकळे होणार नाही. ग्रामपर्यटनाची योजना त्याने आणली म्हणून अकरा घरांची कुलपे निघाली. माणसे परत आली. बंद पडलेल्या शाळेत पुन्हा आरडाओरडा सुरू झाला. हे त्याने केले, दुसऱ्या कोणी नाही.

योजनेसाठी जुन्या वस्तूंची यादी हवी होती. यादी करायला एक मॅडम आल्या. शांत, हसऱ्या, प्रत्येक वस्तूला नमस्कार केल्यासारख्या वाकून बघणाऱ्या. त्यांना माहिती द्यायला हॉटेलवाल्याची आई होती. तिला सगळी वस्ती बडबडी म्हणायची. टोपलीवर तिने अर्धा तास घेतला. कंगव्यावर त्याहून जास्त. मॅडमचा पेन संपला, दुसरा काढला.

"आजी, जरा हळू. मला लिहू द्या."

"तुम्ही लिहा की. मी काय तुमचा हात धरलाय? तर हा कंगवा माझ्या सासूच्या सासूचा. तिला केस कमी, पण तोरा किती!"

मग मॅडम सामाईक घराच्या मागे वळल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"आणि हे काय आहे?"

बडबडी गप्प झाली. मागे उभी असलेली सहा-सात माणसे गप्प झाली. कोणीतरी खोकले.

"कशासाठी वापरता?"

"ठेवलेली आहे," एक म्हातारा म्हणाला.

"म्हणजे बसायला वगैरे?"

कोणी हो म्हटले नाही, कोणी नाही म्हटले नाही. मॅडमनी माझ्यावरून सावकाश हात फिरवला. "किती सुंदर लाकूड आहे हो." सगळे त्यांच्या हाताकडे बघू लागले. एक बाई धावत गेली, तांब्या आणि राख घेऊन आली आणि काही न बोलता तिने मॅडमचे हात धुतले. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी लिहून घेतले.

अनुक्रमांक: ३८
वस्तू: बाक, लाकडी, एकसंध
स्थानिक नाव: नाही
उपयोग: बसण्यासाठी (?)
स्थिती: उत्तम
शेरा: पाहुण्यांचे हात राखेने धुण्याची हृद्य पद्धत आढळली.

पुढचा एक हंगाम बसमधून उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचे हात राखेने धुतले गेले. म्हाताऱ्या बायका ते करत आणि घरी जाऊन डोके धरून बसत. अजून कोणी मेलेले नाही आणि आपण हात काय धुतो आहोत, हे त्या कोणाला सांगणार? पाहुण्यांनीच तक्रार केली, कपडे खराब होतात म्हणून. मग ओले कागदी रुमाल आले.

सामाईक घराचे जेवणघर करायचे ठरले. हॉटेलवाल्याने सुताराला बोलावले. सुतार म्हणजे त्याचा सख्खा काका, बडबडीचा धाकटा दीर.

"काका, हिला चार पाय बसवा आणि वरून गुळगुळीत करा."

सुतारकाकांनी कानावरची पेन्सिल काढली आणि परत कानावर ठेवली. "दुसरी देतो. नवी कोरी देतो."

"नवी कशाला? माणसं जुनं बघायला येतात."

"ही जड आहे रे."

"टेबल जडच हवं. मुलं हलवतात."

"वहिनीला विचारलंस?"

"टेबलाचं आईला काय विचारायचं, काका? तिला विचारलं तर ती तासभर त्या झाडाच्या आजोबांपासून सांगेल."

सुतारकाका हसले नाहीत. त्यांनी रंधा धरला. माझी वरची बाजू, जिच्यावर एकशे त्र्याऐंशी माणसांचे केस सुकले होते, पातळ पापुद्रे होऊन जमिनीवर पडली. पॉलिशचे तीन हात बसले. मग मला उलटे करायची वेळ आली आणि त्यांनी रंधा खाली ठेवला.

"खालची बाजू मी करणार नाही."

"नका करू. खालून कोण बघतंय?"

त्या संध्याकाळी दीर आणि वहिनी अंगणात बसून हवापाण्यावर बोलले. उकडतंय, म्हणाले. यंदा वारा नाही, म्हणाले. दोघांनाही वाटत होते की दुसरा त्याला सांगेल.

मी एक जुने टेबल आहे.

पहिल्या दिवशी माझ्यावर भाजीचे पातेले ठेवले आणि मी घाबरले. मला ऊब माहीतच नव्हती. आजवर माझ्यावर जे काही ठेवले गेले, ते थंड होते. पाहुणे खूश झाले. "लाकूड बघा, किती जिवंत वाटतं!" एक गृहस्थ म्हणाले. भिंतीवर हॉटेलवाल्याने सुबक अक्षरात छापून लावले: आमच्या पूर्वजांचे टेबल. अनेक पिढ्या याभोवती एकत्र आल्या आहेत. मित्रांनो, त्यात एकही शब्द खोटा नाही, आणि तरी ते खरे नाही.

बडबडी माझ्यापाशी कधी जेवली नाही. कोपऱ्यात जमिनीवर ताट घेऊन बसायची.

"आई, वर बसा ना," सून म्हणायची. सून खालच्या बाजारपेठेतली. "माणसं बघतात."

"बघू दे की. बघायलाच तर आलेत."

"पण का नाही बसत?"

"उंच आहे."

"खुर्ची आहे ना बसायला!"

"अगं, खुर्ची उंच असली तर चालतं मला. टेबल उंच आहे."

सुनेला वाटले, हा आपल्यावरचा राग. हॉटेलवाल्याला वाटले, वय झाले. एका पाहुणीने जमिनीवर जेवणाऱ्या म्हातारीचा फोटो काढला. तो इतका गाजला, की पुढच्या महिन्यात भिंतीवर दुसरी पाटी आली: येथील ज्येष्ठ परंपरेने जमिनीवर बसून जेवतात. मग काही हौशी पाहुणेही तिच्याशेजारी ताटे घेऊन बसू लागले. ती त्यांच्याशी खूप बोलायची. टोपली, कंगवा, सासूची सासू. एवढे बोलून तिचे एकच सांगायचे राहून जात होते.

एका दुपारी जेवणे आटोपून पाहुणे भटकायला गेले. बडबडी आत आली. तिला दम लागत होता. तिने खुर्ची ओढली, खुर्चीवर चढली, तिथून माझ्यावर, आणि पाय लांब करून सरळ निजली. हात दोन्ही बाजूंना.

तिचे अंग गरम होते. मला पुन्हा भीती वाटली.

हॉटेलवाला ग्लासांची थाळी घेऊन आला तो दारातच थांबला.

"आई! काय चाललंय? उतर आधी. पडशील!"

"थांब. मापून बघते. पुरते का."

"काय पुरतं?"

"मला पुरते. तुझ्या बाबांचे पाय बाहेर आले होते. घोट्यापर्यंत."

थाळीतले ग्लास एकमेकांवर वाजले. तो थाळी खुर्चीवर ठेवून जवळ आला.

तिने हात लांब करून त्याचा हात धरला आणि माझ्याखाली नेला. डोळे छताकडेच होते. त्याची बोटे एका खाचेवरून दुसरीवर गेली. "ही तुझ्या आजोबांची. ही तुझ्या आत्याची, तिची उथळ आहे, पाडणाऱ्या लेकीचा हात थरथरत होता. ही तुझ्या बाबांची. ही तू पाडायची होतीस. मी पाडली." मग ते दोन शब्द तिने त्याला सांगितले, आणि थांबली. माझे नाव तिने तरीही घेतले नाही.

त्याने हात माझ्याखालून काढून घेतला. मग म्हणाला, "मला कोणी सांगितलं का नाही?"

"आता सांगितलं."

"आता सांगून काय उपयोग, आई? यादीत आहे ते. फोटोत आहे. माणसं या टेबलासाठी येतात." मग त्याने तिला लहान मुलासारखे उचलून खाली उतरवले. "हंगाम संपू दे. हंगाम संपला की पाय काढतो, मागे नेऊन ठेवतो. शपथ."

"बरं," बडबडी म्हणाली. "मी थांबते."

ती नऊ दिवसांनी गेली. वस्तीतले म्हणाले असतील की ती बोलली म्हणून गेली. मी म्हणते, ती म्हातारी होती आणि तिला दम लागत होता.

सकाळची वेळ होती. माझ्याभोवती बावीस पाहुणे न्याहारी करत होते. मागच्या दाराशी सुतारकाका आले, मग तो म्हातारा, मग तांब्याराखवाली बाई, मग बाकीचे. सगळ्यांनी आधी हॉटेलवाल्याकडे बघितले, मग जेवणघराकडे. दोन शब्द म्हणायचा हक्क फक्त त्याचा होता, आणि आता त्याला ते शब्द माहीत होते.

तो जेवणघराच्या दारात आला. डोळे लाल. त्याने ओठ उघडले. मी ऐकायला तयार होते. पाय बसवल्यापासून मी ते शब्द ऐकले नव्हते.

"दादा, चहा मिळेल का अजून?" टोकाचे एक पाहुणे म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिले. सगळ्या ताटांकडे, कपांकडे, बावीस तोंडांकडे पाहिले.

"आणतो," तो म्हणाला.

तिला शेजारच्या, पाहुण्यांसाठी केलेल्या चार नंबरच्या खोलीतल्या लोखंडी घडीच्या खाटेवर निजवले. भिंतीपलीकडून मला पाण्याचा आवाज आला. मग मी बोलण्याचा आवाज येण्याची वाट पाहिली. तो आला नाही. पाहुण्यांना कळू नये म्हणून त्या दिवशी त्या खोलीत सगळे कुजबुजत होते. दुपार व्हायच्या आत तिला मागच्या वाटेने नेले.

दुपारी पाहुणे जेवत असताना हॉटेलवाला सुरी घेऊन आला आणि माझ्याखाली शिरला. बुटांच्या आणि गुडघ्यांच्या मधून सरकत.

"काय झालं हो?" एका बाईंनी वाकून विचारले.

"काही नाही. पाय डुगडुगतोय टेबलाचा."

बाईंनी आपले पाय जरा आत घेतले आणि शेजारच्या मुलीला म्हणाल्या, "बघ, किती काळजी घेतात जुन्या वस्तूंची."

त्याने खाच पाडली. वेडीवाकडी, उथळ. लाकडाचा एक कुसळाएवढा कपचा त्या मुलीच्या बुटावर पडला. तिने तो झटकला.

ही एकशे चौऱ्याऐंशीवी. हिच्या आधीच्या प्रत्येक खाचेचे माणूस माझ्यावर निजले होते. हिचे निजले, पण जिवंतपणी, आणि पंधरा मिनिटे.

मग हंगाम संपला. त्याने पाय काढले नाहीत. एका हंगामानंतर दुसरा आला. पुढे सुतारकाका गेले, तेव्हा खाट आधीच बाहेर काढून ठेवली होती, आणि खाच कोणी पाडली नाही.

मित्रांनो, तुमचे जेवण आले. हात आखडू नका, जेवा. तुमची काही चूक नाही आणि भूक खरी आहे. फक्त जेवताना डावा हात माझ्याखाली घाला. खाचा लागतील. कुठे चिकटवलेले च्युइंगम लागले, तर तेवढे काढून टाका. ते असते त्या जागी कोणाचे तरी मूल उभे राहून रडले होते. दाराकडच्या टोकाला शेवटची खाच आहे, बोटाला टोचेल. तिच्याशी कोणी बोलायचे राहून गेले आहे. तुम्ही बोललात तर तिला आवडेल. काय बोलायचे ते सुचले नाही, तर टोपलीबद्दल बोला.

आता कोपऱ्यात बघा. जमिनीवर ताट घेऊन बसलेला तो माणूस. तोच तो. बायको रोज म्हणते, "अहो, वर बसा ना," आणि तो म्हणतो, "उंच आहे." त्याची मुले विचारतात तेव्हाही तो एवढेच म्हणतो. मला भीती याचीच वाटते. त्याला सगळे कळले, आणि कळल्यावर तो गप्प झाला, जशी त्याच्या आधीची सगळी गप्प होती. असे अजून एकदा झाले की मी खरोखरच टेबल होईन.

म्हणून तुम्हाला सांगितले. तुम्ही या वस्तीचे नाही, तुमच्या घरी मला येता येणार नाही, तेव्हा तुम्ही बोललात तरी चालेल. घरी जाऊन सांगा. आणि तुमच्या घरात कोणी एखाद्या जागी बसत नसेल, एखाद्या वस्तूला हात लावत नसेल, तर हसू नका. विचारा. तो गप्प बसला तर त्याच्याजवळ बसा आणि पुन्हा विचारा.

जेवण झाले की हात धुवायला जाल. तिथे साबणाशेजारी मातीचा वाडगा आहे. त्यात राख असते. त्याच्यावर पाटी नाही. पाहुण्यांना वाटते, भांडी घासायची असेल. हॉटेलवाला रोज सकाळी कालची टाकून नवी भरतो. अजून कोणी घेतलेली नाही. तुम्ही चिमूटभर घ्या, हातावर चोळा, मग पाणी घ्या. तो कोपऱ्यातून बघत असेल. बघू द्या.

मग तुमची बस निघेल आणि मी इथेच असेन. पाय नव्हते, तेव्हा मी या वस्तीतल्या प्रत्येक घरी गेले. आता मला चार पाय आहेत.